विश्लेषण : पायात खिळा घुसला, पण आत काही राहिले का? केस पेपरवरच्या या एका ओळीला एवढे महत्त्व का?

टोचलेली वस्तू पूर्ण निघाली की तिचा तुकडा आत राहिला, यावर अमेरिकेतल्या रुग्णालयांत जखमेचा कोड बदलतो. तो कोड लावणारे अनेक जण भारतात, अगदी पुण्या-मुंबईतही बसलेले असतात. आपल्याकडचा कोड मात्र हा प्रश्न विचारतच नाही. म्हणून रुग्णाने काय लक्षात ठेवायचे?

बांधकामावरच्या फळीतून वर आलेला खिळा, शेताच्या बांधावरचा बाभळीचा काटा, फरशीवर राहून गेलेली काच, शिवताना बोटात मोडलेली सुई. अशा जखमा सगळ्यांच्याच ओळखीच्या. बाहेरून पाहिले तर एक बारीक छिद्र दिसते. रक्तही फारसे येत नाही. डॉक्टर जखम धुतात, धनुर्वाताचे इंजेक्शन देतात, केस पेपरवर ‘पायाला जखम’ असे लिहितात आणि रुग्ण घरी जातो.

पण ‘पायाला जखम’ या दोन शब्दांतून तीन गोष्टी कळत नाहीत. पाय कोणता, उजवा की डावा? जखम कापल्याची आहे की टोचल्याची? आणि टोचलेली वस्तू अख्खी बाहेर आली की तिचे टोक मोडून आत राहिले? मेडिकल कोडिंगचे काम या तीन प्रश्नांपासून सुरू होते.

मेडिकल कोडिंग म्हणजे नेमके काय?

डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचून आजार, दुखापत आणि उपचार यांना ठरलेले कोड लावणे म्हणजे मेडिकल कोडिंग. आजारांच्या कोडची मूळ यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. तिला ‘इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस’ म्हणजे आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीवरून अमेरिकेने स्वतःसाठी जास्त तपशिलाची ‘आयसीडी-१०-सीएम’ ही यादी तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे ती बंधनकारक झाली. आधीच्या यादीत सुमारे १४ हजार कोड होते. नव्या यादीत ते ७० हजारांच्या आसपास गेले.

एवढे कोड वाढले कारण उजवा-डावा, टोचलेले-कापलेले, आत वस्तू आहे-नाही, अशा प्रत्येक पर्यायाला वेगळा कोड मिळाला. उपचारांसाठी तिथे दुसरी यादी आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या या यादीला ‘सीपीटी’ म्हणतात. काय झाले हे आयसीडी सांगते आणि डॉक्टरांनी काय केले हे सीपीटी सांगते. दोन्हींचा मेळ बसला तर विमा कंपनी पैसे देते.

अमेरिकी रुग्णालयांचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात होते. चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई या शहरांत बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएचएमएस झालेली मुले-मुली स्क्रीनवर तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचत असतात. रुग्ण त्यांना कधीच दिसत नाही. त्यांच्यासमोर असते ती फक्त लिहिलेली नोंद.

हा कोड वाचायचा कसा?

समजा, एका माणसाच्या उजव्या पावलात खिळा घुसला आणि त्याचे टोक आत मोडले. अमेरिकी यादीत याचा कोड आहे एस९१.३४१ए. पहिल्या नजरेला हा पासवर्ड वाटतो, पण फोड केली की तो सरळ वाचता येतो.

• एस : दुखापत
• एस९१ : घोटा, पाऊल आणि पायाच्या बोटांची उघडी जखम
• त्यानंतरचा ३ : पाऊल (बोटे आणि घोटा वेगळे)
• ४ : टोचलेली जखम, आत बाहेरची वस्तू आहे
• १ : उजवी बाजू (डावीसाठी २, नोंदच नसेल तर ९)
• ए : उपचार सुरू आहेत

यातला चौथ्या ओळीतला आकडा सर्वांत कळीचा. त्या जागी १ असेल तर कापलेली जखम, आत काही नाही. २ असेल तर कापलेली जखम, आत वस्तू आहे. ३ म्हणजे टोचलेली जखम, आत काही नाही. ४ म्हणजे टोचलेली जखम, आत वस्तू आहे. ५ म्हणजे चावा. काहीच स्पष्ट नसेल तर ०. पायाच्या बोटाला लागले असेल तर कोड बदलतो आणि बोटाचे नख दुखावले की नाही, यावरून पुन्हा बदलतो. संगणकाच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक अक्षर ही एक ‘फील्ड’ आहे आणि प्रत्येक फील्डची माहिती डॉक्टरांच्या नोंदीतूनच आली पाहिजे.

‘फॉरेन बॉडी’ कधी म्हणायचे?

शरीराबाहेरची जी वस्तू शरीरात अडकते तिला डॉक्टर ‘फॉरेन बॉडी’ म्हणतात. नव्या कोडरचा गोंधळ इथेच होतो. कारण खिळा घुसला म्हणजे फॉरेन बॉडी आलीच, असे वाटते. तसे नाही. तीन प्रसंग वेगळे करून पाहू.

पहिला : रुग्णाने खिळा घरीच अख्खा उपसून काढला. डॉक्टरांनी तपासले आणि आत काही उरलेले नाही असे लिहिले. ही टोचलेली जखम आहे, पण फॉरेन बॉडीशिवाय. कोड एस९१.३३१ए.

दुसरा : खिळ्याचे टोक किंवा चपलेच्या तळव्याचा तुकडा जखमेत सापडला. आता कोड एस९१.३४१ए. डॉक्टरांनी तो तुकडा त्याच दिवशी काढला तरी कोड हाच राहतो, कारण रुग्ण आला तेव्हा तुकडा आत होता.

तिसरा : लाकडाची बारीक कुसळ वरच्या कातडीत अडकली आहे, उघडी जखम अशी नाहीच. ही वरवरची फॉरेन बॉडी. ती एस९१ मध्ये बसत नाही. तिच्यासाठी एस९०.८५१ए हा वेगळा कोड आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी चुकून आत राहिलेला कापूस किंवा उपकरण हा तर पूर्ण वेगळा विषय. त्याची जागा टी८१.५ या गटात आहे. आणि वर्षानुवर्षे शरीरात राहिलेल्या जुन्या तुकड्यांसाठी झेड१८ हा गट आहे, त्यातही धातू, काच, लाकूड अशी विभागणी आहे. वाचकाला हा काथ्याकूट वाटेल, पण प्रत्येक फरकामागे उपचाराचा फरक आहे.

शेवटचा ‘ए’ म्हणजे पहिली भेट का?

नाही. हा या क्षेत्रातला सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज. ‘ए’ म्हणजे त्या दुखापतीवर प्रत्यक्ष उपचार सुरू आहेत. इमर्जन्सी विभागात जखम धुतली आणि दोन दिवसांनी सर्जनने चीर देऊन तुकडा काढला, तर दोन्ही वेळा ‘ए’च. उपचार संपून जखम भरत असताना पट्टी बदलायला किंवा तपासणीला आलात तर ‘डी’. जखम बरी झाल्यावर मागे राहिलेल्या त्रासासाठी, उदाहरणार्थ दुखऱ्या व्रणासाठी आलात तर ‘एस’. म्हणून ही कितवी भेट आहे यापेक्षा आज डॉक्टरांनी काय केले, हे नोंदीत असावे लागते.

कशाने लागले आणि कुठे, हेही लिहायचे?

हो. त्यासाठी ‘बाह्य कारणां’चे कोड आहेत. खिळा घुसला तर डब्ल्यू४५.०एक्सएक्सए. झाडाचा काटा टोचला तर डब्ल्यू६०.एक्सएक्सएक्सए. इथले ‘एक्स’ काही सांगत नाहीत. शेवटचे अक्षर सातव्या जागीच यावे म्हणून मधल्या रिकाम्या जागा भरायला ते आहेत. याशिवाय घटना घरी घडली की रस्त्यावर, रुग्ण काय करत होता, काम पगारी होते का, यांचेही कोड आहेत.

हे कोड अमेरिकेतही सगळीकडे सक्तीचे नाहीत. ते राज्याच्या आणि विमा कंपनीच्या नियमांवर अवलंबून असतात. पण पगारी काम करताना लागले असेल, तर खर्च रुग्णाच्या आरोग्य विम्यातून न जाता मालकाने काढलेल्या कामगार भरपाई विम्यातून जातो. सुताराच्या पायात घुसलेल्या खिळ्याचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद अशा एका ओळीवर मिटू शकतो.

तुकडा काढल्याची नोंद कशी हवी?

पावलातून बाहेरची वस्तू काढण्यासाठी सीपीटीत तीन कोड आहेत. वस्तू त्वचेखाली असेल तर २८१९०, खोल असेल तर २८१९२ आणि काढणे गुंतागुंतीचे झाले तर २८१९३. नोंदीत फक्त ‘तुकडा काढला’ एवढेच असेल, तर कोडरला खोली कळत नाही. हातासारख्या इतर ठिकाणी त्वचेखालची वस्तू काढण्यासाठी १०१२० हा कोड आहे, पण त्याच्या व्याख्येतच ‘चीर देऊन’ असे आहे. डॉक्टरांनी चिमट्याने काटा ओढून काढला आणि चीर दिलीच नाही, तर तो कोड लागत नाही. ते काम तपासणीच्या फीमध्येच धरले जाते.

म्हणजे नोंद अपुरी असेल तर दोन्हीकडून तोटा. केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, किंवा न केलेल्या कामाचे पैसे मागितल्याचा ठपका येतो. कोडिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच : जे लिहिले नाही ते झालेच नाही, असे धरायचे.

नोंद अपुरी असेल तर कोडर काय करतो?

तो अंदाज बांधत नाही, डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवतो. याला ‘क्वेरी’ म्हणतात. ती कशी लिहायची याचेही नियम आहेत. ‘पायात खिळ्याचा तुकडा होता, बरोबर ना?’ असे विचारता येत नाही, कारण त्यात उत्तर आधीच तोंडात दिले आहे. समजा, एक्स-रेच्या अहवालात धातूची सावली आहे आणि डॉक्टरांच्या नोंदीत तिचा उल्लेख नाही. तर कोडर लिहील : ‘एक्स-रे अहवालात उजव्या पावलात धातूची सावली नोंदवली आहे. तिचा अर्थ कृपया नोंदवावा. या जखमेत राहिलेली वस्तू, जुनी आणि या जखमेशी संबंध नसलेली वस्तू, इतर काही, किंवा सांगता येत नाही.’ उत्तर डॉक्टरांचे, आणि ते तारीख-वेळेसह पुरवणी नोंद म्हणून फाइलला जोडले जाते.

आता नोंदी वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. ती झपाट्याने वाचतात. पण जे वाक्य नोंदीत नाही, ते त्यांनाही सापडणार नाही.

हा नुसता बिलाचा प्रश्न आहे का?

अजिबात नाही. ‘काट्याचा नायटा होणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे उगाच आला नाही. टोचलेल्या जखमेचे तोंड लहान असते आणि वाट खोल. तोंड लवकर बंद होते आणि आतली घाण आतच राहते.

एक्स-रेमध्ये धातू दिसतो, काचही बहुतेक वेळा दिसते. पण लाकूड, काटा, प्लास्टिक सहसा दिसत नाही. तिथे सोनोग्राफी उपयोगी पडते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘आत काटा नाही’ असा होत नाही. केस पेपरवर ‘बाभळीचा काटा, टोक मोडलेले’ असे लिहिले असेल, तर पंधरा दिवसांनी सूज घेऊन आलेल्या रुग्णाकडे दुसरा डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहील. ‘पायाला जखम’ एवढेच असेल, तर कदाचित आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला जाईल आणि काटा तिथेच राहील.

पायात काय घातले होते, हेही महत्त्वाचे. रबरी तळव्याच्या बुटातून खिळा घुसला तर सुडोमोनास या जंतूचा संसर्ग होऊ शकतो आणि तो हाडापर्यंत जाऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रात माहीत असलेले आहे. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर त्यांना टोचल्याचे कळतही नाही. त्यांच्या नोंदीत मधुमेह लिहिणे म्हणजे जखमेची जोखीम लिहिणे.

धनुर्वाताबद्दलही एक गैरसमज आहे. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. खिळा चकचकीत असला तरी धोका असतोच. अमेरिकी मार्गदर्शनानुसार लसीचे तीन प्राथमिक डोस पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसला १० वर्षे झाली असतील तर बूस्टर देतात. टोचलेल्या किंवा मळलेल्या जखमेसाठी हीच मर्यादा ५ वर्षांची आहे. तीन डोस झालेच नसतील किंवा झाले की नाही हे माहीत नसेल, तर अशा जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. म्हणजे शेवटचा डोस कधी घेतला, ही नोंद उपचार ठरवते. भारतातल्या सरकारी लसीकरणात आता ‘टीटी’ऐवजी ‘टीडी’ लस दिली जाते. ती १० आणि १६ वर्षांच्या मुलांनाही देतात.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

भारतात आपण जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० यादी वापरतो. तिच्यात पावलाच्या उघड्या जखमेचा कोड आहे एस९१.३. तो तिथेच संपतो. उजवा की डावा, टोचलेले की कापलेले, आत वस्तू आहे की नाही, यातले काहीही त्यात नाही. खिळ्याचे टोक आत राहिलेला रुग्ण आणि ब्लेडने थोडे कापलेला रुग्ण, दोघांचा कोड एकच.

आरोग्य विम्याच्या दाव्याचा जो फॉर्म रुग्णालय भरते, त्याच्या ‘भाग बी’मध्ये आयसीडी-१० कोडसाठी रकाना असतो आणि दुखापत असेल तर तिचे कारणही विचारलेले असते. पण कोड कमी बोलत असल्याने सगळा भार डिस्चार्ज कार्डावरच्या वाक्यांवर येतो.

यावर उपाय म्हणून नोंदीच अधिक तपशिलाच्या शब्दांत साठवण्याचा प्रयत्न सुरू आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये आणली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यात ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय संज्ञांची प्रणाली आहे. या मानकांसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून १४ आकडी ‘आभा’ क्रमांक देऊन नोंदी जोडण्याचे काम चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही नवी आवृत्तीही १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. पण नोंद डिजिटल झाली म्हणून ती आपोआप पूर्ण होत नाही. ‘पायाला जखम’ हे दोन शब्द मोबाइलवरही दोनच शब्द राहतात.

या क्षेत्रात यायचे असेल तर?

अनेक कंपन्या ‘एएपीसी’ या अमेरिकी संस्थेचे सीपीसी प्रमाणपत्र मागतात किंवा त्याला प्राधान्य देतात. परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न आणि ४ तास असतात. कोडची पुस्तके सोबत ठेवता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के लागतात. पुस्तक जवळ असल्याने पाठांतर कमी पुरते. शरीररचनेचे ज्ञान आणि वाक्य बारकाईने वाचण्याची सवय जास्त उपयोगी पडते. ‘घुसला’ आणि ‘घुसून आत राहिला’ यातला फरक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो या कामात टिकतो.

तुमच्या केस पेपरवर काय असायला हवे?

खोल रुतलेली वस्तू घरी उपसू नका, डॉक्टरांकडे जा. निघालेला खिळा किंवा काटा फेकू नका, कागदात गुंडाळून सोबत न्या. तो अख्खा आहे की टोक मोडले आहे, हे त्यावरून कळते. आणि बाहेर पडण्यापूर्वी कागदावर हे आहे का ते पाहा :

• उजवा की डावा पाय किंवा हात, नेमकी जागा किंवा बोट, नखाला लागले का
• कशाने टोचले, कधी, कुठे, काम करताना की घरी, पायात काय होते
• वस्तू पूर्ण निघाली की तुकडा आत असल्याची शंका आहे
• तुकडा काढला असेल तर किती खोलून, चीर देऊन की चिमट्याने
• एक्स-रे किंवा सोनोग्राफी केली का, त्यात काय दिसले
• धनुर्वाताच्या लसीचा शेवटचा डोस कधी, आज दिला का
• मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे
• पुन्हा कधी दाखवायचे

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा भरलेली जखम पुन्हा वाहू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत जा. जाताना जुना केस पेपर न्या. डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘आत काही राहिले असेल का?’ आणि जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहून घ्या.